जावा: मॅपवर फेरी मारताना कीसेट, एन्ट्रीसेट की फॉरईच?

कांदाभजी (धागाकर्ता)

राम राम मंडळी. नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्ट म्हणून जावात बाजारभावांचा छोटा प्रोग्रॅम करतोय. बाजार समितीचं नाव ही की, त्या दिवसाचा कांद्याचा सरासरी भाव ही व्हॅल्यू. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड, चांदवड असा साधा हॅशमॅप (की दिली की तिची व्हॅल्यू देणारा साठा). ज्या समितीत त्या दिवशी लिलावच झाला नाही तिथे भाव ० येतो.

सगळ्या नोंदी छापायच्या म्हटलं तर नेटवर जो तो वेगळं सांगतो. कोणी कीसेट घेऊन प्रत्येक कीला गेट मारतो, कोणी एन्ट्रीसेट, कोणी फॉरईचमध्ये लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन). सरांच्या नोट्समध्ये इटरेटर (एकेक नोंद हातात देणारा) आणि व्हाइल आहे. ह्यात खरंच फरक आहे की नुसती फॅशन?

दुसरी गोष्ट जास्त डोकं खातेय. शून्यवाल्या नोंदी काढायला हे लिहिलं (इथे रोमन चालत नाही म्हणून कोड देवनागरीत, गोड मानून घ्या):

    फॉर (स्ट्रिंग नाव : भाव.कीसेट()) {
        इफ (भाव.गेट(नाव) == ०) भाव.रिमूव्ह(नाव);
    }

काही दिवसांच्या डेटावर बिनबोभाट चालतं, काही दिवसांच्या डेटावर कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन. थ्रेड (प्रोग्रॅममधली स्वतंत्र चालणारी कामाची ओळ) एकच आहे, मग हे कन्करंट, म्हणजे एकाच वेळी बदल, कोण करतंय?

तिरकस

कांद्याचा भाव आणि एक्सेप्शन, दोन्ही कधी येतील सांगता येत नाही. रुमाल टाकून ठेवतो, जाणकार येतीलच.

जुना_जाणता

आधी सोपं. कीसेटवर फिरून आत गेट करणं म्हणजे प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा शोध. एन्ट्रीसेट की आणि व्हॅल्यू एकत्रच हातात देतो, दुसरा शोध लागत नाही.

    फॉर (मॅप.एन्ट्री<स्ट्रिंग, इंटिजर> नोंद : भाव.एन्ट्रीसेट()) {
        छापा(नोंद.गेटकी() + " : " + नोंद.गेटव्हॅल्यू());
    }

हॅशमॅपमध्ये तो दुसरा शोध स्वस्त असतो, त्यामुळे पाचपन्नास समित्यांना फरक कळणारही नाही. ट्रीमॅप (कींचा क्रम लावून ठेवणारा मॅप) असेल तर मात्र प्रत्येक गेटला झाडाच्या मुळापासून खाली उतरावं लागतं. नुसत्या की हव्या असतील तर कीसेट, नुसते भाव हवे असतील तर व्हॅल्यूज, दोन्ही हवं असेल तर एन्ट्रीसेट. एवढ्यावर आयुष्य निघतं.

एन्ट्रीचं ते लांबलचक टाइप लिहायचा कंटाळा असेल तर जावा १० पासून नुसतं व्हार लिहा. ते आलं २०१८ मध्ये, पण अजून कॉलेजात शिकवत नाहीत असं दिसतं.

इटरेटर आणि व्हाइल ही फॅशन नाही, तो पाया आहे. जावा ५ मध्ये, म्हणजे २००४ साली, जो नवा फॉर आला तो आतून इटरेटरच वापरतो. तुमच्या एक्सेप्शनचं मूळही तिथेच आहे. जेवून येतो आणि सविस्तर लिहितो.

नीलमोहोर

+१. फक्त फॉरईचबद्दल भर घालते. जावा ८ मध्ये (२०१४) मॅपला स्वतःचं फॉरईच मिळालं, की आणि व्हॅल्यू सरळ लॅम्डात येतात. छापायला छान. पण मध्येच ब्रेक करता येत नाही, बाहेरचा साधा काउंटर आत वाढवता येत नाही, आणि आत फाइल लिहायची असेल तर चेक्ड एक्सेप्शनचा (जे हाताळल्याशिवाय कोड कंपाइलच होत नाही) ट्राय-कॅच तिथेच कोंबावा लागतो. आमच्या टीममध्ये दोन ओळींच्या वर लॅम्डा गेला की रिव्ह्यूमध्ये मी साधा फॉर करून मागते. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

जुना_जाणता

जेवण झालं. आता रिमूव्ह.

हॅशमॅपमध्ये मॉडकाउंट नावाचा एक आकडा असतो. नवी की आली किंवा असलेली गेली की तो एकने वाढतो. फेरी सुरू होताना इटरेटर तो आकडा स्वतःकडे टिपून घेतो आणि पुढची नोंद देण्याआधी दर वेळी ताडून पाहतो. जुळला नाही की एक्सेप्शन. थ्रेड किती आहेत ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्याच्या पाठीमागे कोणीतरी मॅप बदलला एवढंच त्याला कळतं. तुमच्या कोडमध्ये तो कोणीतरी म्हणजे तुम्हीच.

मग काही दिवशी चालतं कसं? गंमत इथे आहे. इटरेटर एक नोंद तुमच्या हातात देतानाच पुढची कोणती ते शोधून ठेवतो. «अजून आहे का» हे विचारल्यावर तो फक्त ती पुढची नोंद नल (म्हणजे काहीच नाही) आहे का एवढंच पाहतो. मॉडकाउंटची ताडणी तिथे होत नाही, ती होते पुढची नोंद मागितल्यावर.

की १, २, ३ अशा घ्या. ३ हातात असताना ३ काढली, तर पुढचं आधीच नल आहे. लूप गुपचूप संपतो, ताडणीची वेळच येत नाही. २ काढली, तर ३ मागायला गेल्यावर बोंब. म्हणजे ज्या दिवशी लिलाव न झालेली समिती फेरीत नेमकी शेवटी येते आणि तशी ती एकटीच असते, त्या दिवशी तुमचा प्रोग्रॅम पास.

आणि ती शेवटी येईल की नाही हे तुमच्या हातात नाही, कारण हॅशमॅपला क्रम नसतो.

कांदाभजी

बापरे. म्हणजे पास झालेला डेटासुद्धा नशिबानेच. काका, मग काढायचं कसं?

पण क्रम नसतो म्हणताय, तर मी इंटिजर की घालून बघितलं होतं. १ ते १० कशाही घाला, बाहेर १ ते १० क्रमानेच येतात. मला वाटलं आतून सॉर्ट होत असेल.

जुना_जाणता

काढायला एक ओळ:

    भाव.व्हॅल्यूज().रिमूव्हइफ(भ -> भ == ०);

व्हॅल्यूज, कीसेट, एन्ट्रीसेट ह्या प्रती नाहीत, मूळ मॅपच्याच खिडक्या आहेत. तिथून काढलं की मॅपमधून जातं. कीवरही अट असेल तर एन्ट्रीसेटवर रिमूव्हइफ. जावा ८ च्या आधीच्या कोडमध्ये इटरेटर हातात घेऊन त्याचंच रिमूव्ह वापरायचे, तो मॅपबरोबर स्वतःचा आकडाही सुधारून घेतो. रिमूव्हइफ आतून हेच करतं.

भाव नुसता बदलायचा असेल तर घाबरू नका. नोंद.सेटव्हॅल्यू चालतं. आहे त्याच कीवर पुट केलं तरी हॅशमॅपचा मॉडकाउंट हलत नाही. नवीन की मात्र फेरी चालू असताना घालू नका. वेगळ्या मॅपमध्ये जमवा आणि शेवटी पुटऑल.

शून्यापासून

नीलमोहोर ताईंच्या फॉरईचमध्ये रिमूव्ह केलं तर? मी आत्ताच चालवून पाहिलं. एक्सेप्शन आलं, पण मॅप बघितला तर सगळी शून्यं गेलेली. काम करून वर शिव्या?

नीलमोहोर

हो, हॅशमॅपचं फॉरईच ताडणी दर पावलाला करत नाही, सगळी फेरी संपल्यावर एकदाच करतं. म्हणून नोंदी निघून जातात आणि मग एक्सेप्शन पडतं. शेवटची एकच नोंद काढली तरी पडतं, म्हणजे साध्या फॉरमधली ती पळवाट इथे नाही. माझ्या मते हे बरंच आहे, टेस्टमध्ये लगेच पकडलं जातं. फक्त ते एक्सेप्शन कॅच करून «काम तर झालंय» म्हणत पुढे जाणारे महाभाग पाहिलेत. तसं करू नका. ती ताडणी निव्वळ मदत म्हणून आहे, तिची हमी कोणी दिलेली नाही.

बे_एरिया_वासी

इंटिजर कींच्या क्रमाबद्दल मी सांगतो, इथे सकाळ आहे आणि चहा हातात आहे.

हॅशमॅपची आतली मांडणी चाळीसारखी. सुरुवातीला १६ खोल्या. कीच्या हॅशवरून (कीपासून काढलेल्या आकड्यावरून) खोली ठरते, आणि फेरी म्हणजे पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत चालत जाणं. लहान इंटिजरचा हॅश म्हणजे तो आकडाच. त्यामुळे १ पहिल्या क्रमांकाच्या खोलीत, २ दुसऱ्या, आणि बघणाऱ्याला वाटतं सॉर्ट झालंय. आता १, २ आणि १७ घालून बघ. १७ ला १६ ने भागून बाकी १, म्हणून तो १ च्याच खोलीत जातो. बाहेर येणारा क्रम: १, १७, २. सॉर्टिंगचा भ्रम खल्लास.

पुढे आणखी गंमत. लोड फॅक्टर (किती भरल्यावर खोल्या वाढवायच्या ते प्रमाण) ०.७५, म्हणजे १२ च्या वर नोंदी गेल्या की खोल्या ३२ होतात, आणि १७ स्वतःच्या खोलीत राहायला जातो. एक की जास्त घातली म्हणून आधीच्या कींचा क्रमही बदलला!

आता खास ह्या संस्थळासाठी. स्ट्रिंगचा हॅश म्हणजे पहिल्या अक्षराचा युनिकोड आकडा गुणिले ३१, अधिक दुसऱ्याचा, असं पुढे. देवनागरीत मात्राही वेगळं अक्षर धरली जाते. मग «दे» घ्या: द २३४२, एकाराची मात्रा २३७५. २३४२ गुणिले ३१ अधिक २३७५ बरोबर ७४९७७. आता «धन»: ध २३४३, न २३४४. करा हिशोब. तेही ७४९७७.

तिरकस

दे आणि धन एकाच खोलीत! जावा बनवणाऱ्यांनी संतवाङ्मय वाचलं होतं म्हणायचं.

शून्यापासून

कागदावर केलं, खरंच जुळतंय. मग मॅपमध्ये एक दुसऱ्याला पुसत नाही का?

बे_एरिया_वासी

नाही. खोली एक असली तरी की इक्वल्सने (दोन गोष्टी समान आहेत का ते पाहणारी मेथड) ताडली जाते, दोघेही सुखाने नांदतात. पण फेरीत काय होतं बघा. एका हॅशमॅपमध्ये आधी «दे» घाला मग «धन», दुसऱ्यात उलट. आजच्या जावात एका खोलीतली नवी नोंद साखळीच्या शेवटी लागते. दोन्ही मॅप इक्वल्सने समान, तरी फिरताना क्रम वेगळा. ह्यावरून टेस्ट लिहिणाऱ्यांनी बोध घ्यावा.

नीलमोहोर

घेतलाय, आणि महाग पडलाय. एका जुन्या ठिकाणी मॅपवर फिरून अहवालाची स्ट्रिंग बनवायचे आणि टेस्टमध्ये ती स्ट्रिंग जशीच्या तशी ताडायचे. जावा ७ वरून ८ वर गेल्यावर हॅशमॅपच्या आतल्या बदलांमुळे क्रम बदलला आणि टेस्टची लाल रांगोळी. कोडमध्ये खोट काहीच नव्हती.

मॅप.ऑफ ने बनवलेल्या मॅपमध्ये तर (जावा ९, २०१७) मुद्दामच क्रम दर रनला बदलू शकेल अशी सोय केली आहे, म्हणजे कोणी त्यावर विसंबूच नये. मला हे फार आवडलं. उगाच चार वर्षं चाललं आणि पाचव्या वर्षी फुटलं, त्यापेक्षा पहिल्याच दिवशी फुटू दे.

कांदाभजी

मग माझ्या तक्त्यात समित्या ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने हव्या असतील तर?

जुना_जाणता

लिंक्डहॅशमॅप. बाकी एक ओळ बदलायची नाही. कीप्रमाणे चढता क्रम हवा असेल तर ट्रीमॅप.

आणि हेच मला ह्या धाग्यात सांगायचं होतं. पोरं लूपवरून भांडतात, फॉर चांगला का स्ट्रीम चांगला. फेरी कशी होईल हे लूप ठरवत नाही, मॅप ठरवतो. क्रम मिळेल का, मध्ये बदल चालेल का, किती वेळ लागेल, तिन्हीचं उत्तर न्यू हॅशमॅप लिहिताना दिलं गेलेलं असतं.

वेळेचंच घ्या. हॅशमॅपची फेरी नोंदी अधिक खोल्या एवढी चालते. रिकाम्या खोल्यांतही डोकवावं लागतं. १० लाख नोंदी घातल्या तर खोल्या २०,९७,१५२ होतात. मग क्लिअर केलं तरी खोल्या कमी होत नाहीत! पुढे त्यात दहा नोंदी ठेवून वारंवार फिराल तर दर फेरीला वीस लाख दारं वाजवाल. अशा वेळी क्लिअर करू नका, नवा मॅप घ्या. लिंक्डहॅशमॅपला हा जाच नाही, तो नोंदीवरून नोंदीवर जातो.

दुसरं उदाहरण तुमच्या कीसेट-गेटचं. लिंक्डहॅशमॅपला तिसरा पॅरामीटर ट्रू दिला की तो «नुकतं वापरलेलं शेवटी» असा क्रम ठेवतो, कॅशसाठी वापरतात. त्यावर कीसेटने फिरून आत गेट केलं की पहिली की उचलून शेवटी जाते, मॉडकाउंट वाढतो आणि दुसऱ्या पावलाला एक्सेप्शन. काहीही न काढता, न घालता, नुसतं वाचून! एन्ट्रीसेटने फिरलात तर काही होत नाही. ह्यासाठी मी डोळे झाकून एन्ट्रीसेट सांगतो.

शून्यापासून

हे शेवटचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

खरंच अनेक थ्रेड असतील तर कन्करंटहॅशमॅप घेतला की सुटलो ना?

बे_एरिया_वासी

एक्सेप्शनमधून सुटलात. त्याचा इटरेटर कधीच तसं ओरडत नाही. पण फेरी चालू असताना दुसऱ्या थ्रेडने घातलेली नोंद दिसेलही किंवा नाहीही. एकूण बेरीज ठरावीक क्षणाची हवी असेल तर हे चालणार नाही. नल की आणि नल व्हॅल्यूही तिथे चालत नाही, हॅशमॅपमध्ये चालते.

आणि कलेक्शन्स.सिंक्रोनाइज्डमॅपवाले: गेट-पुट सुरक्षित असलं तरी फेरी नाही. संपूर्ण लूपभोवती त्याच मॅपवर सिंक्रोनाइज्ड ब्लॉक तुम्हालाच लावावा लागतो. ही ओळ डॉक्युमेंटेशनमध्ये आहे आणि कोणी वाचत नाही.

तिरकस

आमच्या सी शार्पमध्ये डॉट नेट कोर ३.० पासून डिक्शनरीवर फिरता फिरता रिमूव्ह केलेलं चालतं. जाता जाता जळवून जातो.

जुना_जाणता

आणि त्याआधीच्या फ्रेमवर्कवर तोच कोड चालवला की तुम्हीही आमच्याच रांगेत. :) पण हो, हेवा वाटतो.

कांदाभजी

रिमूव्हइफ टाकलं, सगळ्या दिवसांचा डेटा चालला. धन्यवाद! आता भावाप्रमाणे उतरत्या क्रमाने दाखवायचं म्हणून एन्ट्रीसेटचा स्ट्रीम केला, सॉर्टेड लावलं आणि कलेक्टर्स.टूमॅप ने परत मॅपमध्ये भरलं. छापलं तर पुन्हा गोंधळच.

नीलमोहोर

कारण टूमॅप तुला हॅशमॅप देतं. सॉर्ट करून आणलेल्या नोंदी परत चाळीत पाठवल्यास. चार पॅरामीटरवालं टूमॅप वापर, तिसऱ्या जागी दोन सारख्या की आल्या तर काय करायचं ते, चौथ्या जागी नवा लिंक्डहॅशमॅप. पण नुसतं दाखवायचंच आहे तर मॅप कशाला? सॉर्टेडनंतर सरळ एन्ट्रींची लिस्ट कर आणि छाप.

कालच्या भावाशी तुलना करणार असशील तर दोन इशारे. दोन्ही मॅपमधल्या व्हॅल्यू इंटिजर ऑब्जेक्ट आहेत, त्या एकमेकींशी दोन बरोबर-चिन्हांनी ताडू नकोस, इक्वल्स वापर. उणे १२८ ते १२७ पर्यंत ते योगायोगाने जुळतं, क्विंटलचा भाव त्यात थोडाच बसणार? आणि काल जी समिती नव्हती तिचं गेट नल देईल, ते इंटमध्ये घेतलंस की नल पॉइंटर एक्सेप्शन. तिथे गेटऑरडिफॉल्ट वापर.

कांदाभजी

ताई, तो १२७ चा मुद्दा आमच्या व्हायव्हात विचारतात! आज कळला.

शेवटचं एक. ट्रीमॅपमध्ये भाजीपाल्याची नावं मराठीत टाकली. «केळी» आधी आणि «केशर» नंतर येतंय. बाबा म्हणाले वर्णमालेत ळ शेवटी असतो.

बे_एरिया_वासी

बाबांचं बरोबर. ट्रीमॅप स्ट्रिंगला युनिकोड आकड्यांनी लावतो, आणि युनिकोडमध्ये ळ बसलाय ल च्या शेजारी, व आणि श च्या आधी. आपल्याकडे ह, मग ळ, क्ष, ज्ञ. म्हणून ट्रीमॅप बनवताना स्वतःचा कंपॅरेटर (दोन कींत आधी कोण ते ठरवणारा) दे.

ह्यात एक खड्डा आहे. ट्रीमॅप दोन की एकच आहेत का हे इक्वल्सने नाही, कंपॅरेटरने ठरवतो. कंपॅरेटरने ० दिला की दुसरी नोंद पहिलीच्या व्हॅल्यूवर चढते आणि फेरीत एकच दिसते. कोलेटर (भाषेप्रमाणे अक्षरक्रम लावणारं जावाचं साधन) वापरणार असशील तर त्याची स्ट्रेंग्थ प्रायमरी ठेवू नकोस, बारीकसारीक फरक तो मोजतच नाही. माझी पद्धत: आधी मराठी क्रमाने ताडायचं, आणि ० आला तर साध्या कंपेअरटू ने पुन्हा ताडायचं. मग की गिळली जात नाही.

कांदाभजी

जमलं! केशर, केळी. उलट क्रमाने दाखवायलाही लागणार आहे, त्यासाठी कींची लिस्ट करून रिव्हर्स करतो.

जुना_जाणता

ट्रीमॅपला डिसेंडिंगमॅप कधीपासूनच आहे, त्याचं एन्ट्रीसेट घ्या. लॅबमध्ये जावा २१ असेल तर लिंक्डहॅशमॅपलाही रिव्हर्स्ड मिळतं. कॉलेजात कोणतं व्हर्जन आहे?

कांदाभजी

८.

तिरकस

मग लिंक्डहॅशमॅपसाठी लिस्टच करा.